दुपारनंतर सापडणारी नावं

रागिणी पाचवीत असताना तिच्या वहीत खाडाखोड दिसायची नाही. एखादं गणित चुकलं, की ती खोडत नसे. ते पान काढून टाकायची आणि सगळं नव्यानं उतरवायची. वर्ष संपेपर्यंत वही निम्मी व्हायची, पण आतून स्वच्छ. हिवरखेडच्या शाळेत मी तिचा वर्गशिक्षक होतो आणि ती वही मी वर्गापुढं उंच धरून दाखवत असे. आज ते आठवलं की बरं वाटत नाही. चूक कुठं झाली होती, हे त्या वहीत कुणालाच दिसलं नसतं, खुद्द तिलाही नाही. शिक्षकाच्या हे लक्षात यायला हवं होतं.

तिचे वडील शालिकराम दीड एकरात मेथी, बरबटी म्हणजे चवळी, आणि कडेनं झेंडू लावायचे. आई गंगूबाई तो माल बाजाराच्या दिवशी विकायची. गिऱ्हाईकानं जुडी उचलली की गंगूबाई स्वतःच तिचा दोरा सोडून दाखवायची. म्हणायची, वरतून काय पाहता, आतून पाहून घेजा. रागिणी बोलायला आईसारखी नव्हती. मान खाली घालून काम करणारी, विचारलं तेवढंच सांगणारी मुलगी. दहावीनंतर ती अमरावतीला तंत्रनिकेतनात गेली, पुढं पदवी घेतली आणि नितेश नावाच्या एका मुलाच्या कंपनीत लागली. कंपनी म्हणजे बडनेरा रस्त्यावर एका औषध दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि तीन माणसं. नितेश बोलका, दिलदार, आणि दर दोन वाक्यांनंतर ‘टेन्शन नाही’ म्हणणारा. अवघड कामं मात्र रागिणीकडेच यायची.

अकोल्यात आम्ही काही निवृत्त शिक्षक मिळून एक अभिलेख केंद्र चालवतो. जिल्ह्यातल्या जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं, म्हणजे कोण कधी शाळेत आला आणि कधी गेला त्याच्या नोंदी, यांच्या प्रती आम्ही कित्येक वर्षं गोळा केल्या आणि एकेक ओळ संगणकात भरली. दाखला आम्ही देत नाही, तो ज्या त्या शाळेनंच द्यायचा असतो. आमचं काम एवढंच, की तुमचे आजोबा किंवा पणजोबा कुठल्या गावच्या शाळेत होते, कुठल्या रजिस्टरात, कितव्या पानावर, ते शोधून द्यायचं. ऐकायला हे काम छोटं वाटतं. पण जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची तर पन्नास सालाच्या आधीचा कागद लागतो, आणि पणजोबा मामाच्या गावी शिकला की आत्याच्या, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. तो कागद नसला तर मुलांचे प्रवेश अडतात.

नोंदी अकरा लाखांवर गेल्या, तेव्हा शोधण्यासाठी काहीतरी चांगलं हवं, असं ठरलं. मीच रागिणीचं नाव सुचवलं.

नाव टाकलं की लाखो ओळींतून जुळणारी नावं पापणी लवायच्या आत काढून देणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ते लोक सर्च सर्व्हर म्हणतात. रागिणीनं तो आधी तिच्या लॅपटॉपवर बसवला. तिथं विंडोज होतं, सगळं सुरळीत चाललं. नितेशचा लॅपटॉप वेगळ्या कंपनीचा, तिथं तेच बसवायला दोन दिवस गेले. आमच्या केंद्रातला संगणक जुना, त्यावर लिनक्स. तिथं हा प्रोग्राम बसला की स्कॅनिंगचा प्रोग्राम बंद पडायचा, तो दुरुस्त केला की हा रुसायचा. ती बडनेऱ्याहून गाडीनं यायची, दिवसभर खाली मान घालून बसायची आणि संध्याकाळी परत जायची. आठवडाभरानंतर एके दिवशी ती हसत आली. म्हणाली, सर, आता कंटेनर करते. मला कळेना. तिनं समजावलं, की प्रोग्राम आणि त्याला जे जे लागतं ते सगळं एका बंद डब्यात भरायचं. मग तो डबा कुठल्याही संगणकावर नेऊन उघडा, आत सगळं तसंच. बाहेर विंडोज आहे की लिनक्स, त्याला फरक पडत नाही.

आणि खरंच, डबा बसला. मार्चमध्ये केंद्रात शोध सुरू झाला. खिडकीत प्रतीक्षा नावाची आमच्याकडं काम करणारी मुलगी बसायची, नाव टाकायची, नोंद निघाली तर गाव, रजिस्टर, पान लिहिलेली चिठ्ठी छापून द्यायची. नाही निघाली तर तशी चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर रागिणीनं ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असं घातलं होतं. मी ते बदलून ‘अशी नोंद आढळली नाही’ केलं आणि खाली केंद्राचा शिक्का मारायची पद्धत घातली. कागदाला वजन यावं म्हणून.

आता महादेवरावांबद्दल सांगायला हवं. ते आमचे लिपिक, वयानं माझ्याएवढे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गोदामात तारा जळून आग लागली होती. आमच्याकडं आग आली नाही, पण ती विझवणारं पाणी आलं आणि रजिस्टरांचे दोन गठ्ठे लगदा झाले. त्या दिवसापासून केंद्र बंद करताना महादेवराव मेन स्विच खाली ओढतात, पेटीला कुलूप लावतात आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घालून घरी जातात. सकाळी साडेनऊला येऊन मेन वर करतात, झाडतात, उदबत्ती लावतात. हे त्यांनी रागिणीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली होती, काही हरकत नाही काका, सकाळी ते आपोआप सुरू होईल.

आपोआप सुरू व्हायचंही. कसं सुरू व्हायचं, ते आम्हाला चार महिने कळलं नाही.

जून हा आमच्याकडं गर्दीचा महिना. बारावीचे निकाल लागलेले असतात, आईबाप, आजे कागदांच्या पिशव्या घेऊन येतात. अकोल्यातले लोक जेवणखाण आटोपून दुपारी येतात. लांबचे, विशेषतः तेल्हारा तालुक्यातले, पहिल्या एसटीनं निघतात, केंद्र उघडण्याआधी पायरीवर बसलेले असतात, आणि काम झालं की बाराच्या आत परतीची गाडी पकडतात. हिवरखेडजवळच्या एका गावचे खुशालराव अशा लोकांपैकी. काळ्या जमिनीचे चार तुकडे, पांढरं धोतर, बोलणं कमी. त्यांची नात पौर्णिमा हिला नर्सिंगला जायचं होतं. पडताळणीसाठी अर्ज केल्याची पावती पंधरा जुलैपर्यंत कॉलेजात द्यायची होती, आणि अर्जासाठी खुशालरावांच्या वडिलांची शाळेतली नोंद हवी होती. वडिलांचं नाव उकर्डा सोनाजी. म्हातारा आयुष्यभर सांगायचा, मी चौथी पास आहे. कुठल्या शाळेत, ते कुणी विचारून ठेवलं नव्हतं.

खुशालराव जूनमध्ये तीनदा आले, तिन्ही वेळा सकाळी. तिन्ही वेळा त्यांना शिक्क्याची चिठ्ठी मिळाली, अशी नोंद आढळली नाही. तिसऱ्या वेळी मी खिडकीशीच उभा होतो. ते माझ्याकडं पाहत राहिले, तेव्हा मी त्यांना समजावलं. मी म्हणालो, ‘खुशालराव, यंत्राला खोटं बोलायचं कारण नाही. जुने लोक शाळेत नुसते जाऊन बसायचे, नाव घातलेलं नसायचं. वडील तसेच बसले असतील.’ त्यांनी चिठ्ठीची घडी केली, टोपीत ठेवली आणि गेले.

जुलैच्या सात तारखेला पार्वताबाई नावाची एक म्हातारी आली. तीही तेल्हाऱ्याकडची. तिला सकाळी ‘आढळली नाही’ची चिठ्ठी मिळाली, पण ती परत गेली नाही. अकोल्यात बहिणीकडं जेवली आणि तीन वाजता पुन्हा खिडकीत उभी राहिली. प्रतीक्षानं सांगितलं, आजी, सकाळीच पाहिलं ना. पार्वताबाई म्हणाली, ‘सकायी तू उपाशी होती, आता जेवली असशीन. पुन्हा पाय.’ सगळे हसले. प्रतीक्षानं तिच्या समाधानासाठी नाव टाकलं, आणि नोंद निघाली. गाव, रजिस्टर, पान, सगळं. पार्वताबाईनं विजयी मुद्रेनं इकडंतिकडं पाहिलं आणि चिठ्ठी घेऊन गेली. मी गंमत म्हणून रागिणीला फोन केला. तिनं दोन्ही वेळा किती वाजले होते, ते विचारलं. मग म्हणाली, सर, उद्या सकाळी मी येते, केंद्र उघडायच्या आत.

आठ तारखेला ती आली तेव्हा महादेवराव मेन वर करत होते. ती संगणकापाशी बसून राहिली आणि पडद्यावर सरकत जाणारे आकडे पाहू लागली. मी शेजारी होतो. साडेदहाला तिनं घड्याळ पाहिलं, अकराला पाहिलं. नंतर तिनं अर्धा तास काहीतरी टाईप केलं, मेन दोनदा बंद-चालू करायला लावला, आणि उठली. ‘थोडं सेटिंग होतं, सर. झालं आता.’

मी म्हणालो, वा. महादेवरावांनी चहा मागवला. तोवर किती जणांना तशी चिठ्ठी गेली असेल, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही, असं मी लिहिलं तर ते खरं होणार नाही. प्रश्न दारापर्यंत आला होता. मी त्याला आत घेतलं नाही.

रागिणी पुन्हा आली ती एकोणीस तारखेला, रविवारी सकाळी, माझ्या घरी. हिवरखेडहून थेट आली होती. तिला बसायला सांगितलं तरी बसली नाही. जे सांगितलं ते उभ्यानंच.

डबा तिनं नीट भरला होता. एक गोष्ट राहिली होती. त्या डब्यात जे साठतं ते बाहेरच्या एखाद्या फोल्डरशी बांधून ठेवावं लागतं, नाहीतर डबा बदलला की आतलं सगळं जातं. तिच्या लॅपटॉपवर प्रोग्राम सरळ बसवलेला होता, तिथं नोंदी डिस्कवर आपोआप राहायच्या. डब्यातही राहतील, असं तिनं धरलं. आणि रोज सकाळी संगणक सुरू झाला की जुना डबा काढून टाकायचा, नवा कोरा उघडायचा, अशी सूचना तिनं स्वतःच लिहून ठेवली होती. जुन्याच्या अडचणी नव्यात नकोत म्हणून. म्हणजे रोज सकाळी साडेनऊला आमचं शोधयंत्र रिकामं असायचं. मग ते पहिल्या फाइलपासून अकरा लाख नोंदी भरायला लागायचं. तिच्या लॅपटॉपवर नमुन्याच्या नोंदींना दहा मिनिटं लागली होती. केंद्रातल्या जुन्या संगणकाला दुपारचे दोन वाजायचे. भरणं चालू असतानाच शोधही चालू असायचा. जे भरलं गेलं नाही ते यंत्राच्या दृष्टीनं नव्हतंच. ‘थांबा’ म्हणायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

फाइलींना तालुक्यांची नावं इंग्रजीत दिलेली होती आणि त्या अक्षरांच्या क्रमानं भरल्या जायच्या. आधी अकोला, अकोट, मग बाळापूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर, पातूर. सगळ्यांच्या शेवटी, एक वाजल्यानंतर, तेल्हारा. पहाटे उठून सगळ्यात आधी येणाऱ्यांची गावं सगळ्यात शेवटी भरली जात होती. ‘माझाच तालुका, सर,’ ती म्हणाली. ‘फाइलींची नावं मीच दिली होती.’

मी विचारलं, हे कधी लक्षात आलं.

‘आठ तारखेला. तुमच्यासमोर.’

त्या दिवशी परतीच्या गाडीत तिनं मार्चपासूनचे सगळे शोध तपासले होते. यंत्र प्रत्येक शोधाची वेळ लिहून ठेवतं. दुपारी दोनच्या आत दोनशे चौदा वेळा ‘आढळली नाही’ असं उत्तर गेलं होतं. तिनं ती सगळी नावं पुन्हा टाकून पाहिली. एकशे एकतीस निघाली. बडनेरा स्टेशनवर ती बाकावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं नितेशला सांगितलं. नितेशही हादरला, पण लगेच सावरला. म्हणाला, तू दुरुस्त केलं ना, मग टेन्शन नाही, ज्याला गरज आहे तो परत येईलच, आणि अमरावती जिल्ह्याचं काम आपल्याला मिळायच्या बेतात असताना आपणच आपली चूक गावभर सांगायची का. तिला ते पटलं. पटलं म्हणजे, तिला ते पटायला हवं होतं. त्यानंतर दहा दिवस ती रोज केंद्राला पत्र लिहायची आणि पुसून टाकायची.

आदल्या दिवशी ती गावी गेली होती. गंगूबाई मेथी निवडता निवडता गावातल्या बातम्या सांगत होती. त्यात खुशालरावांच्या नातीची बातमी निघाली. नर्सिंगचं गेलं तिचं. गंगूबाई म्हणाली, ‘तुया त्या कॉम्प्युटरमधी तिच्या पणज्याचं नाव नाही निंघालं म्हणतात. बुढा खोटंच सांगत होता म्हणे जिंदगीभर.’ केंद्र उघडं असेतोवर तो शोध रागिणीच्या फोनवरूनही चालायचा; तिनं तिथंच बसून नाव टाकलं. उकर्डा सोनाजी. एका क्षणात पान समोर आलं.

‘पंधरा तारीख होती त्यांची,’ ती म्हणाली. ‘मला आठलाच माहीत होतं, सर. सात दिवस होते. मला वाटलं, दुरुस्त केलं म्हणजे झालं.’

 मला ती वर्गापुढं उंच धरलेली वही आठवली. मी आत जाऊन पाणी आणलं, आणि आम्ही दोघं महादेवरावांकडं गेलो.

महादेवरावांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, म्हणजे हे माह्यामुळंच झालं, मेन तर मी बंद करत होतो. रागिणीनं त्यांना सांगितलं की काका, तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. केंद्राच्या दारावर सूचना लावायची ठरली. महादेवरावांनी सवयीनं सुरुवात केली, ‘तांत्रिक कारणास्तव’. रागिणीनं कागद आपल्याकडं ओढला आणि लिहिलं, ‘शोध-प्रणाली बसवताना मी केलेल्या चुकीमुळे’, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि फोन नंबर. महादेवराव म्हणाले, मग मायंही नाव टाक. ती म्हणाली, नाही. ते म्हणाले, काहून नाही, तुया एकटीच्या नावानं लोकं म्हणतीन, पोरीले पुढं केलं आन् बुढे लपले. बराच वेळ दोघं भांडले. शेवटी दोन्ही नावं गेली. तिसरं, माझं नाव मी आपणहून खाली लिहिलं, तेव्हा कुणीच मला अडवलं नाही.

नितेश चिडला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी अकोल्याला आला, चुकीच्या चिठ्ठ्या गेलेल्यांच्या यादीचं एक पान मागून घेतलं आणि व्हरांड्यात उभा राहून लोकांना फोन करत बसला. एकानं त्याला इतकं सुनावलं की त्यानं फोन कानापासून लांब धरला. ‘बरोबर आहे तुमचं, भाऊ,’ एवढंच तो म्हणत होता. ‘टेन्शन नाही’ मी त्याच्या तोंडून त्या दिवशी ऐकलं नाही.

काही लोकांना फोन लागत होते. काहींनी केंद्राच्या वहीत नंबर दिलेलाच नव्हता. त्यांच्या गावी रागिणी स्वतः जायची. पण सगळ्यात आधी ती खुशालरावांकडं गेली, आणि मी बरोबर होतो. फोन करून सांगावं, असं मी सुचवलं होतं. ती म्हणाली, हे फोनवर सांगितलं तर मी पुन्हा तेच केलं असं होईल.

खुशालराव अंगणात सरकीची पोती शिवत होते. मला पाहून ते उठले, खाट झटकली. त्यांची बायको कौशल्याबाई पाणी घेऊन आल्या आणि रागिणीला ओळखून म्हणाल्या, गंगूबाईची पोट्टी ना तू, केवढी मोठी झाली. रागिणीनं पाणी घेतलं नाही. उभ्यानंच कागद पुढं केला.

‘आबाजी, नोंद होती. माझ्या चुकीमुळं दिसली नाही.’

खुशालरावांना बारीक अक्षरं दिसत नव्हती. त्यांनी कागद माझ्याकडं दिला. वान नदीकाठच्या एका गावची मराठी शाळा. उकर्डा सोनाजी. चौथी उत्तीर्ण. शाळा सोडण्याचं कारण, गुरं राखणं. मी वाचून दाखवलं, त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं, मी पुन्हा वाचलं.

‘मामाचं गाव हाये ते त्याच्या,’ ते म्हणाले. मग त्यांनी सुई पोत्यात खोचून ठेवली.

पुढं जे त्यांनी सांगितलं ते तुटक होतं. वडील घरात बसून वर्तमानपत्र वाचायचे, गावातल्या लोकांची पत्रं वाचून द्यायचे, आणि चौथी पास असल्याचं पाहुण्यांना हटकून सांगायचे. धाकटा भाऊ नेहमी थट्टा करायचा. तिसरी चिठ्ठी घेऊन खुशालराव अकोल्याहून परतले, तेव्हा बसस्टँडवर लोकांनी विचारलं, झालं का काम. त्यांनी सांगितलं, नाही झालं, आमचा बुढा शायेत गेलाच नोता, उगाच सांगत होता. चार लोक हसले. धाकटा भाऊ त्यात होता.

‘मी त्याले खोटा पाडला, गुर्जी. मरून वीस वर्सं झाले त्याले.’

मी म्हणालो, की ते तुम्ही नाही, मी बोललो होतो. खिडकीपाशी मीच म्हणालो होतो की यंत्राला खोटं बोलायचं कारण नाही.

‘हो,’ खुशालराव म्हणाले. ‘तुमी म्हणले म्हणूनच त...’ आणि थांबले. ते मला दोष देत नव्हते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवल्याचं ते मला सांगत होते.

पौर्णिमा दारात उभी राहून ऐकत होती. उंच, सावळी मुलगी, वेणी घट्ट घातलेली. ती बाहेर आली आणि आजोबांच्या हातातला कागद घेऊन पाहू लागली. तिनं रागिणीला विचारलं, ‘तुमाले कवा समजलं, ताई?’

इथं रागिणीला ‘परवा’ म्हणता आलं असतं. त्या अंगणात ते कुणालाच तपासता आलं नसतं. मीही बोललो नसतो, याची मला लाज वाटते, पण मी बोललो नसतो.

‘आठ तारखेला,’ रागिणी म्हणाली.

पौर्णिमानं बोटांवर दिवस मोजले. ‘पंधरा होती आमची. म्हणजे सांगतलं असतं त जमलं असतं.’

‘जमलं असतं.’

‘मंग काहून नाही सांगतलं?’

‘माझं नाव खराब होईल म्हणून.’

कौशल्याबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या. पौर्णिमा रडली नाही. तिनं तेल्हाऱ्याच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं होतं, ते तिनं सांगितलं, आणि पुढच्या साली पुन्हा फॉर्म भरणार असल्याचंही सांगितलं. मग आत जाऊन तिनं कागदांची फाइल आणली आणि विचारलं, की आता हा उतारा त्या शाळेतून कोण आणून देईल. एकटी गेले तर हेडमास्तर चकरा मारायला लावतात, दाखल्याच्या वेळी तीनदा लावल्या होत्या. रागिणी म्हणाली, मी येते. पौर्णिमा म्हणाली, उद्या सकाळी नऊला या, अन् गाडी घेऊन या, एसटी तथी जात नाही. खुशालराव नातीकडं पाहत राहिले. तिला आवरावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी आवरलं नाही. चहा आम्ही प्यालो, कारण कौशल्याबाईंनी हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. त्या दोघींचं काम होतं. संध्याकाळी रागिणीचा फोन आला आणि तिनं जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ते गाव वीस किलोमीटरवर. रस्त्यानं पौर्णिमा मांडीवर फाइल धरून मागं बसली. शाळेत हेडमास्तरांनी रजिस्टर काढलं, पान उलटलं, नोंद सापडली. अर्जदार म्हणून पौर्णिमाची सही घेतली. मग रागिणीकडं पाहून विचारलं, या कोण, बहीण का.

पौर्णिमा म्हणाली, ‘नाही. ह्यांच्यामुळं मायं साल गेलं. तुमी उतारा लिहा.’

हेडमास्तर एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहत राहिले. शिपाई दारात थांबला. बाहेर पोरं पाढे म्हणत होती, म्हणे.

मी रागिणीला विचारलं, मग तू काय म्हणालीस.

‘काही नाही, सर. उभी होते.’

मग तिनं सांगितलं, की उतारा मिळाला, शिक्का नीट उमटला आहे, आणि पौर्णिमानं तो रागिणीच्या हाती न देता स्वतःच्या फाइलीत ठेवला. यादीतली त्र्याहत्तर माणसं अजून राहिली आहेत. उद्या ती अडगावला जाईल.